हयगयीनें व अविचारानें

वर्तमानपत्राच्या आंतल्या पानावर, बाजारभावांच्या शेजारीं, एक वाक्य बहुधा रोज छापलेलें असतें. त्यांतील गांव बदलतें, वाहनाची जात बदलते, मृताचें वय बदलतें. वाक्य मात्र बदलत नाहीं. अमुक इसमानें आपल्या ताब्यांतील वाहन हयगयीनें, अविचारानें, रहदारीच्या नियमांकडे दुर्लक्ष करून भरधाव चालविलें, आणि रस्त्यानें पायीं जाणाऱ्या अमुक इसमास धडक देऊन तो त्याच्या मरणास कारणीभूत झाला. पोलिसांच्या फिर्यादींतून हें वाक्य बातमीदाराच्या वहींत येतें, तेथून छापखान्यांत जातें, आणि सकाळच्या चहाबरोबर आपण तें वाचतों. वाचतों म्हणण्यापेक्षां त्याच्यावरून नजर घसरूं देतों. ज्या घरांतील माणूस गेलें त्या घरापुरतेंच तें नवें असतें.

परंतु या वाक्यांतील ‘हयगय’ आणि ‘अविचार’ या दोन शब्दांस मोठा इतिहास आहे. ठाण्यांतील कारकुनानें ते आपल्या मनानें घातलेले नाहींत. ते कायद्याचे शब्द आहेत, आणि ज्यांनीं ते कायद्यांत घातले त्यांनीं मोटार नांवाची वस्तु डोळ्यांनीं पाहिलेली नव्हती. मोटार या देशांत येण्यापूर्वीं पस्तीस-चाळीस वर्षें तिच्या हांक्याचा अपराध लिहून तयार होता. हें कसें घडलें, आणि त्या अपराधाची व्याख्या घासूनपुसून घेतांना आपल्या हातून कोणती गोष्ट निसटली, हें पाहण्यासारखें आहे.

मेकॉले १८३४ सालीं हिंदुस्थानांत आला. इंग्रजी शिक्षणावरील त्याच्या टिपणाबद्दल आपल्याकडे इतकें लिहिलें गेलें आहे कीं, त्याचें दुसरें आणि बहुधा अधिक टिकाऊ काम झांकून जातें. त्याच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या मंडळानें १८३७ सालीं दंडविधानाचा मसुदा सिद्ध केला. तो मसुदा पुढें तेवीस वर्षें या दप्तरांतून त्या दप्तरांत फिरत राहिला. १८५७ चा वणवा विझल्यावर राणीचें राज्य आलें, १८६० च्या आक्टोबरांत कायदा मंजूर झाला, आणि १ जानेवारी १८६२ पासून तो अमलांत आला. मेकॉले त्यापूर्वींच, १८५९ च्या डिसेंबरांत, वारला होता.

या कायद्याचें २७९ वें कलम म्हणजे आपल्या वाक्याचें जन्मस्थान. सार्वजनिक मार्गावर मनुष्याच्या जिवास धोका पोंचेल अशा अविचारानें किंवा हयगयीनें जो कोणी वाहन हांकील किंवा घोड्यावरून दौड करील त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा, असें त्याचें तात्पर्य. कलमाची जागाही मोठी बोलकी आहे. तें खुनाच्या किंवा मारामारीच्या प्रकरणांत नाहीं. सार्वजनिक आरोग्य, सुरक्षितता, सोय, सभ्यता व नीति यांच्या विरुद्ध होणाऱ्या अपराधांच्या प्रकरणांत तें आहे. झरा किंवा हौद नासविणें हें २७७ वें कलम, हवा दूषित करणें हें २७८ वें, आणि लगेच त्याच्या शेजारीं हें. जसें गांवाचें पाणी, जसा गांवाचा वारा, तसा गांवाचा रस्ता. तो एकाच्या हयगयीमुळें सर्वांस विषारी होतो, ही कल्पना त्या मांडणींत आहे. कायदेपंडितांनीं तिची फारशी वाखाणणी केलेली माझ्या वाचनांत नाहीं. मला मात्र ती कलमाच्या शब्दांपेक्षांही अधिक मार्मिक वाटते.

त्या काळचा आपल्या प्रांतांतला रस्ता कसा होता? बोरघाटांतून गाडीरस्ता झाला तो १८३० सालीं, जॉन माल्कम गव्हर्नर असतांना. तत्पूर्वीं कोंकणांतून देशावर जाणारा माल बैलांच्या पाठीवरून चढत असे. आगगाडी १८५३ च्या एप्रिलांत बोरीबंदरापासून ठाण्यापर्यंत धांवली, पण ती स्वतःच्या रुळांवरून. रस्ता बैलगाड्यांचा, छकड्यांचा, शिग्रामांचा, पालख्यांचा आणि घोडेस्वारांचाच राहिला. त्या मुंबईचें दर्शन ज्याला घ्यावयाचें असेल त्यानें गोविंद नारायण माडगांवकर यांचें १८६३ सालचें ‘मुंबईचें वर्णन’ उघडावें. १८७४ च्या मे महिन्यांत तेथें घोड्यांची ट्राम सुरू झाली. विजेची ट्राम येण्यास १९०७ साल उजाडावें लागलें.

या जुन्या रस्त्यासंबंधानें एक गोष्ट आपण विसरतों, आणि माझ्या विवेचनाचा सगळा भार त्याच गोष्टीवर आहे. रात्रीच्या वेळीं घाटावरच्या सडकेनें बैलगाड्यांची रांग चालली असतां तिला भेटण्याचा योग ज्यांना आला असेल त्यांना आठवेल कीं, पहिल्या गाडीचा गाडीवान कदाचित् जागा असे. मागचे सारे कांबळें ओढून झोपलेले. गाड्या तरी चालत. वळण आलें कीं बैल वळत, खड्डा आला कीं जूं तिरपें होई, वाटेंत माणूस आडवा आला तर बैल थबकत. बाजार करून येणारा शेतकरी गाडींत घोरत असे आणि बैल त्याला अंगणांत आणून उभा करीत. टांगेवाल्याच्या घोड्याचीही तीच गोष्ट. हांकणारा गिऱ्हाइकाशीं गप्पा मारीत असला, चंची सोडून पान लावीत असला, तरी रस्त्याकडे पाहणारे दोन डोळे गाडीच्या पुढें असतच. मनुष्याची हयगय जनावर भरून काढीत असे. म्हणजे त्या काळच्या प्रत्येक वाहनांत दोन जीव सावध असत; त्यांतला एक डुलकी घेऊं लागला तर दुसऱ्यावर निभावून जाई.

याचा अर्थ तो रस्ता निर्भय होता असा कोणी करूं नये. घोडे उधळत, बैल बुजत, चाकाखालीं पोरें सांपडत. एरव्हीं मेकॉलेला कलम लिहिण्याचें कारणच पडतें ना. पण बैलाचा वेग ताशीं तीन-चार किलोमीटर. त्या वेगानें तीन सेकंदांत गाडी फार तर तीन मीटर पुढें जाते. ताशीं साठ किलोमीटरच्या वेगानें जाणारी मोटार तेवढ्याच तीन सेकंदांत पन्नास मीटर जाते. तीन सेकंद म्हणजे किती, हें पाहावयाचें असल्यास वाचकांनीं खिशांतून दूरध्वनि काढून कोणाचा निरोप आला आहे एवढेंच पाहावें व परत ठेवावा. तितका वेळ.

असो. मूळ कायद्यांत एक मोठी उणीव राहून गेली होती. हयगयीनें गाडी हांकली तर शिक्षा होती. पण त्या हयगयीनें माणूस मेलाच तर काय, याला उत्तर नव्हतें. मेकॉलेच्या मसुद्यांत तसें कलम होतें. मंजूर झालेल्या कायद्यांत तें आलें नाहीं. १८७० सालीं ‘३०४ अ’ हें कलम जोडून ती चूक दुरुस्त झाली : अविचाराच्या किंवा हयगयीच्या कृत्यानें मरण घडविल्यास दोन वर्षांपर्यंत कैद. आश्चर्य असें कीं, मृताच्या कुटुंबाची सोय याहून पुष्कळ आधींच झालेली होती. १८५५ च्या तेराव्या कायद्यानें, दुसऱ्याच्या दोषामुळें मेलेल्या माणसाच्या पत्नीस, मुलांस व आईबापांस नुकसानभरपाई मागण्याचा हक्क दिला होता. दंडविधानाच्याही पांच वर्षें आधीं विधवेला दाव्याचा हक्क मिळाला. दावा कोणावर लावावयाचा आणि वसूल कशांतून करावयाचें, हा प्रश्न मात्र नव्वद वर्षें तसाच राहिला. त्याकडे पुढें येऊं.

आतां त्या दोन शब्दांचा अर्थ. तो ठरविण्याचें काम न्यायाधीशांकडे आलें, आणि तें त्यांनीं उत्तम केलें. १८८१ सालीं अलाहाबादच्या हायकोर्टांत न्यायमूर्ति स्ट्रेट यांनीं एका फौजदारी खटल्यांत, ज्याचा वाहनाशीं कांहीं संबंध नव्हता, या दोहोंमधील भेद सांगितला, आणि तो आजतागाईत वकिलांच्या तोंडीं आहे. अविचार म्हणजे, कृत्य धोक्याचें आहे हें मनांत असूनही, कांहीं होणार नाहीं अशा भरंवशावर तें करणें. हयगय म्हणजे, जी काळजी घेणें आपलें कर्तव्य होतें ती न घेणें. पहिल्यांत धोका दिसतो पण त्याची पर्वा नसते. दुसऱ्यांत पाहावयास हवें होतें तेंच पाहिलेलें नसतें. पुढें १९०२ सालीं मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांनीं त्यांत भर घातली कीं, मरण हें त्या हयगयीचेंच साक्षात् फळ असलें पाहिजे. मध्यें दुसऱ्या कोणाची हयगय येतां कामा नये. स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेंही हें मत शिरोधार्य मानलें.

आपल्या भाषेंतही हा भेद जुना आहे. ज्याला कशाची दरकार नाहीं तो बेदरकार, तो निराळा. ज्याचें लक्ष नाहीं तो गाफील, तो निराळा. लढाईच्या बखरींतून ‘गाफील’ हा शब्द जागोजाग येतो, आणि तेथें गाफील राहणाऱ्याला शूरत्वाचें श्रेय असलें तरी माफी नसते. आणि या सर्वांच्या वर ‘अवधान’ हा आपला शब्द. ज्ञानेश्वरांनीं नवव्या अध्यायाच्या आरंभीं श्रोत्यांकडे दुसरें कांहीं न मागतां अवधान मागितलें आहे. मागण्याजोगी आणि देण्याजोगी ती एक संपत्ति आहे, ती एका वेळीं एकालाच देतां येते, हें आपल्या पूर्वजांस ठाऊक होतें. कायद्याच्या शब्दांत मात्र अवधानाला फार काळ जागा मिळाली नाहीं.

मोटारीची कथा इंग्लंडांत सुरू होते, आणि तिचा आरंभ थट्टेचा विषय झाला आहे. १८६५ च्या कायद्यानें वाफेच्या गाड्यांस गांवांत ताशीं दोन मैल आणि बाहेर चार मैल अशी वेगाची मर्यादा घातली. शिवाय गाडीच्या साठ याड पुढें एका माणसानें लाल निशाण घेऊन चालावें असा हुकूम होता. या निशाणवाल्यास आपण हंसतों. पण तो कोण होता? गाडीला आतां बैल नाहीं, घोडा नाहीं. म्हणून जनावराचे जे डोळे गेले त्यांच्या जागीं कायद्यानें माणसाचे डोळे आणून बसविले होते. उपाय वेडगळ असेल, निदान वेडगळ नव्हतें.

१८६९ च्या ऑगस्टांत आयर्लंडमध्यें पार्सन्सटाउन येथें मेरी वॉर्ड ही विदुषी आपल्या आप्तांनीं बनविलेल्या वाफेच्या गाडींतून फिरावयास निघाली असतां वळणावर खालीं पडली व चाकाखालीं सांपडून मेली. सूक्ष्मदर्शकावर पुस्तकें लिहिणारी, स्वतःच्या हातानें सूक्ष्म जीवांचीं चित्रें काढणारी ही बाई. यंत्राच्या गाडीनें रस्त्यावर घेतलेल्या पहिल्या बळींपैकीं म्हणून तिचें नांव आज सांगितलें जातें. पुढें १७ ऑगस्ट १८९६ रोजीं लंडनमध्यें क्रिस्टल पॅलेसच्या आवारांत ब्रिजेट ड्रिस्कॉल ही चव्वेचाळीस वर्षांची स्त्री, मुलीबरोबर उत्सवास आली असतां, फिरवून दाखविण्यासाठीं आणलेल्या एका मोटारीखालीं सांपडली. ब्रिटनमध्यें पेट्रोलच्या मोटारीनें मेलेली पहिली पादचारी ती हीच. गाडीचा वेग माणसाच्या झपझप चालण्याहून फारसा जास्त नव्हता. चौकशी झाली, पंचांनीं अपघाती मृत्यु असा निकाल दिला, कोणास शिक्षा झाली नाहीं. त्यानंतर तीनच महिन्यांनीं, नोव्हेंबरांत, पार्लमेंटचा नवा कायदा अमलांत आला व मोटारींस ताशीं बारा-चौदा मैलांची मोकळीक मिळाली. १९०३ सालीं ती वीस मैलांवर गेली.

इंग्लंडचें पुढील वर्तन मोठें उद्बोधक आहे. १९३० च्या कायद्यानें त्यांनीं ‘धोकादायक हांकणें’ आणि ‘निष्काळजीपणें हांकणें’ असे दोन निरनिराळे अपराध केले, येथवर ठीक. पण त्याच कायद्यानें मोटारींवरील वेगमर्यादाच काढून टाकली! सभ्य गृहस्थाच्या विवेकावर विश्वास टाकावा, अशी त्यामागची श्रद्धा. १९३४ सालीं त्या छोट्याशा बेटांत ७,३४३ माणसें रस्त्यांवर मेलीं. दुसऱ्याच वर्षीं वस्तीच्या भागांत ताशीं तीस मैलांची मर्यादा परत आली आणि नव्या हांक्यांस परीक्षा सक्तीची झाली. तरीही कळस झाला तो १९४१ सालीं : ९,१६९ मृत्यु. युद्धामुळें पेट्रोल दुर्मिळ, गाड्या थोड्या, परंतु विमानहल्ल्यांच्या भीतीनें दिवे मालविलेले. रस्त्यावर गाड्या किती आहेत यापेक्षां हांकणाऱ्याला दिसतें किती, यावर मृत्यूंची संख्या अवलंबून असते, हें इतक्या क्रूर स्पष्टतेनें दुसऱ्या कोणत्या प्रयोगानें सिद्ध झालें असतें? आज तेथें गाड्या कित्येक पटींनीं वाढल्या असून वर्षाचे मृत्यु साधारण सोळा-सतराशेंच्या घरांत आले आहेत. तेव्हां ‘हें असें चालायचेंच’ हा आपला आवडता सिद्धान्त खरा नव्हे.

आपल्याकडे मोटार एकोणिसाव्या शतकाच्या अगदीं अखेरीस आली. मुंबईंत १८९८ च्या सुमारास पारशी धनिकांच्या दारांत ती उभी राहूं लागली. १९१४ सालीं सर्व हिंदुस्थानास लागू असा मोटारींचा पहिला कायदा झाला. परवान्यावांचून हांकूं नये, अठरा वर्षांखालील मुलानें हांकूं नये, अपघात झाल्यास थांबावें, असे साधे नियम त्यांत होते. १९२६ च्या जुलैंत मुंबईंत मोटारबस सुरू झाली. जिल्ह्याच्या गांवीं सर्व्हिस मोटारी धांवूं लागल्या, आणि बैलाच्या सवयीचा रस्ता यंत्राच्या ताब्यांत गेला. बदलला तो वेग. रस्ता तोच, त्यावरचीं माणसें तींच, आणि हांक्याही पुष्कळ ठिकाणीं कालचा गाडीवानच. ज्याच्या वाडवडिलांनीं अर्धें आयुष्य गाडींत झोपून प्रवास केला त्याच्या हातीं झोपेला क्षमा न करणारें यंत्र आलें. याबद्दल त्याला कोणी कांहीं शिकविलें नाहीं. परवाना देतांना गाडी पुढें-मागें घेतां येते का, एवढें पाहिलें जाई; आणि आजही याहून फार निराळी परीक्षा होते असें ज्यांना म्हणावयाचें असेल त्यांनीं खुशाल म्हणावें.

१९३९ सालीं मोठा कायदा झाला. विधवेचा दावा कोणावर, या प्रश्नाचें उत्तर त्यांत प्रथम मिळालें : प्रत्येक मोटारमालकानें तिऱ्हाइताच्या इजेबद्दल विमा उतरलाच पाहिजे. परंतु विम्याचें हें प्रकरण प्रत्यक्ष अमलांत आलें १ जुलै १९४६ रोजीं, म्हणजे सात वर्षांनीं. या सात वर्षांत जीं माणसें चिरडलीं गेलीं त्यांच्या घरच्यांपाशीं १८५५ चा हक्क होता, आणि समोर कफल्लक हांक्या. १९५६ मध्यें कायद्यांत दुरुस्ती होऊन भरपाईसाठीं खास न्यायाधिकरणांची सोय झाली. दोष कोणाचा हें सिद्ध होण्याची वाट न पाहतां मृताच्या वारसांस ठराविक रक्कम मिळावी हें तत्त्व १९८२ सालीं आलें. ती रक्कम होती पंधरा हजार रुपये. कायद्याचीं हीं पावलें मी मुद्दाम सालवार सांगितलीं. माणूस रस्त्यावर पडतो तो एका क्षणांत. त्याच्या मुलांपर्यंत पोंचावयास राज्ययंत्रास सव्वाशें वर्षें लागलीं.

आणि मग रस्त्यावर एक नवाच प्रवासी आला. ३१ जुलै १९९५ रोजीं पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योति बसू यांनीं कलकत्त्याहून दिल्लीस दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशीं भ्रमणध्वनीवर संभाषण केलें. भारतांतील तें पहिलें. दहापंधरा वर्षांत तें यंत्र हमालाच्या आणि विद्यार्थ्याच्याही खिशांत गेलें, आणि तेथून गाडीच्या सुकाणूजवळ.

या धोक्याची सूचना शास्त्रज्ञांनीं कधींच देऊन ठेविली होती. १९६९ सालीं, म्हणजे खिशांतला दूरध्वनि कोणाच्या स्वप्नांतही नसतांना, ब्राउन नांवाच्या इंग्रज मानसशास्त्रज्ञानें आपल्या सहकाऱ्यांसह एक प्रयोग केला. गाडी चालविणाऱ्यांना दूरध्वनीवरून प्रश्न विचारावयाचे, आणि त्याच वेळीं पुढें उभ्या केलेल्या अडथळ्यांच्या फटींतून गाडी जाईल कीं नाहीं हें त्यांनीं ठरवावयाचें. आढळलें असें कीं, बोलण्यामुळें हातांचें कसब फारसें बिघडत नाहीं. गाडी जवळजवळ तशीच सफाईनें चालते. बिघडतो तो निवाडा. जी फट अरुंद आहे तींतूनही गाडी जाईल असें त्यांना वाटूं लागतें. पुढें १९९७ सालीं टोरोंटो येथील रेडेलमायर व टिब्शिरानी यांनीं अपघात झालेल्या ६९९ दूरध्वनिधारक चालकांच्या संभाषणांच्या नोंदी तपासल्या. बोलत असतांना टकरीचा संभव सुमारें चौपट होतो असें त्यांना दिसलें. आणि ज्यांचे हात मोकळे होते, ज्यांनीं यंत्र हातांत धरलें नव्हतें, त्यांच्या बाबतींत हा धोका कमी झाल्याचें दिसलें नाहीं. अपराध हाताचा नव्हता. अवधान दुसऱ्या गांवीं गेलें होतें.

हें मी पुस्तकांतून सांगत असलों तरी केवळ पुस्तकी नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं एका संध्याकाळीं आमच्या पेठेंतील गल्लींतून मी गाडी घेऊन येत होतों. वेग म्हणावा तर कांहींच नव्हता. शेजारच्या आसनावर ठेवलेला दूरध्वनि वाजला. मीं तो उचललाही नाहीं; कोणाचा आहे एवढें पाहिलें. मान वर केली तों समोर एक वृद्ध गृहस्थ, हातांत भाजीची पिशवी, आणि त्यांच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर माझी गाडी. ती कशी थांबली हें मला आजही सांगतां येणार नाहीं. पिशवी त्यांच्या हातून पडली होती आणि टोमॅटो घरंगळत गाडीखालीं गेले होते. मी उतरून ‘आजोबा, लागलें तर नाहीं ना?’ असें कांहींतरी बोललों. ते रागावले असते तर बरें झालें असतें. त्यांनीं गाडीच्या आंत पाहिलें, दूरध्वनि अजून वाजतच होता, आणि म्हणाले, ‘आधीं तो घ्या. निकडीचा असेल.’ तो कर्ज घेतां का म्हणून विचारणाऱ्या एका अनोळखी मुलीचा होता. आम्ही दोघे ओणवे होऊन टोमॅटो गोळा करीत असतां माझे हात कांपत होते, त्यांचे नव्हते.

माझा अपराध कोणता? अविचार म्हणावा तर मला धोका दिसलाच नव्हता. हयगय म्हणावी तर, चालत्या गाडींत दुसरीकडे पाहणें धोक्याचें आहे हें मला चांगलें माहीत होतें. म्हणजे अविचारही होताच. न्यायमूर्ति स्ट्रेट यांनीं आंखलेली रेषा या नव्या अपराधांत पुसली जाते. न पाहण्याचा निर्णय आपण जाणूनबुजून घेतों, आणि तो घेतल्यावर आपल्याला कांहींच दिसत नाहीं. ही रेषा दुसऱ्या टोंकाकडूनही पुसली गेली आहे. २००६ च्या नोव्हेंबरांत मुंबईंत वांद्र्याच्या कार्टर रस्त्यावर एक मोटार पदपथावर चढली व तेथें झोपलेले सात मजूर मेले. हांकणारा मद्य प्यालेला होता. सत्र न्यायालयानें याला केवळ हयगय ठरवून सहा महिन्यांची कैद सांगितली. मुंबई उच्च न्यायालयानें आणि २०१२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें मात्र, मरण घडूं शकेल ही जाणीव त्याला होती असें धरून सदोष मनुष्यवधाखालीं तीन वर्षांची शिक्षा कायम केली. उद्यां एखादा चालक पडद्यावर चित्रपट पाहत असतां माणूस मारील, तेव्हां त्यालाही तीच कसोटी लावावयाची कीं काय, हा प्रश्न वकिलांनीं आतांच तयार ठेवावा.

केंद्र सरकारनें प्रसिद्ध केलेल्या आंकड्यांप्रमाणें २०२२ या एका वर्षांत देशांतील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं. अपघात म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें द्रुतगति महामार्ग येतो. पण यांपैकीं ६६,४४१ मृत्यु राष्ट्रीय महामार्गावरचे नाहींत आणि राज्यमार्गावरचेही नाहींत; ते साध्या रस्त्यांवरचे आहेत : जिल्ह्याचे रस्ते, गांवचे रस्ते, शहरांतील गल्ल्या, शाळेकडे वळणारा कोपरा. पांचांतले दोन. जेथें आपण प्रत्येक खड्डा ओळखतों तेथेंच आपण सर्वांत गाफील असतों. ओळखीच्या रस्त्यावर माणूस पुन्हां बैलगाडींतला होतो. गाडी आपोआप घरीं जाईल असें त्याला वाटतें.

कायद्यानें या नव्या दोषाची दखल घेतली ती २०१९ सालीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमांत धोकादायक हांकण्याच्या प्रकारांत, हातांत धरलेलें संभाषणयंत्र वापरणें हा प्रकार घातला गेला. पहिल्या अपराधास सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक हजार ते पांच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘हातांत धरलेलें’ हे शब्द वाचून वाईट वाटतें; १९६९ आणि १९९७ चें संशोधन पाठीशीं असतां कायद्यानें पुन्हां हातच पकडला. मात्र १ आक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांत, वाट दाखविण्यापुरता दूरध्वनि वापरावा, पण चालकाचें लक्ष विचलित होणार नाहीं अशा रीतीनें, अशी अट आली. अवधान हा विषय कायद्याच्या कानावर पडला आहे, असें यावरून म्हणतां येतें. त्याची मोजणी कशी करणार, हें अर्थात् त्यांत नाहीं.

आणि मेकॉलेचें कलम? १ जुलै २०२४ रोजीं जुना दंडसंग्रह जाऊन त्याच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. ३०४ अ चें आतां १०६ वें कलम झालें, व दोन वर्षांची कमाल कैद पांच वर्षांवर गेली. अपघात करून, न कळवितां पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कैद सांगणारें पोटकलमही तेथें लिहिलें आहे. परंतु २०२४ च्या आरंभीं मालमोटारींच्या चालकांनीं देशभर चाकें थांबविलीं, आणि संहिता अमलांत आणतांना तेवढें पोटकलम मागें ठेवण्यांत आलें. जमावाच्या मारहाणीच्या भीतीनें पळणारा चालक आणि निर्दयपणें पळणारा चालक यांत कायद्यानें कसा फरक करावा, हें त्या संपाच्या निमित्तानें विचारलें गेलें. प्रश्न रास्त होता.

२७९ व्या कलमाचा नवा क्रमांक २८१. शब्द बहुतेक तेच : अविचारानें किंवा हयगयीनें. कैद तीच, सहा महिन्यांपर्यंत. आणि दंडाची कमाल मर्यादाही, जी १८६० सालीं सामान्य कुटुंबाचें कित्येक वर्षांचें उत्पन्न होती व आज एका चांगल्या जेवणाचा खर्च आहे, तीच ठेविली आहे : एक हजार रुपये.